अम्मांची चौऱ्याण्णव वर्षे: दीर्घ आयुष्याची स्मृतिपुस्तिका कशी लिहावी

मोतीबागेच्या रेल्वे क्वार्टरपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळे ज्यांना नुसते ‘अम्मा’ म्हणत, त्या आमच्या शेजारच्या अम्मा वयाच्या ९४व्या वर्षी गेल्या. जन्म तंजावरजवळच्या खेड्यातला, बालपण रंगूनमधले, अकराव्या वर्षी ब्रह्मदेशातून पायी परत, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नागपूर, अडतिसाव्या वर्षी वैधव्य, त्यानंतर रेल्वेत नोकरी आणि पंचावन्नाव्या वर्षी कैलास-मानसरोवर, असे त्यांचे आयुष्य होते. तेरवीच्या दिवशी त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या अक्काने, वर्षश्राद्धापर्यंत आईवर एक पुस्तिका काढायची आणि ती मीच लिहायची, असे मला सांगितले. मी चार दिवसांत आठ पाने लिहून काढली. वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले की ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ आणि ‘धाडसी’ हे तीन शब्द त्या आठ पानांत सतरा वेळा आले आहेत आणि अम्मांचे नाव काढून तेथे माझ्या आत्याचे नाव घातले तरी एकही वाक्य बदलावे लागणार नाही. ती पाने मी बाजूला ठेवली. पुढच्या दहा महिन्यांत जे काम केले त्याची पद्धत येथे लिहीत आहे. ज्यांच्या घरातले असे मोठे आयुष्य नुकतेच संपले आहे त्यांना तिचा उपयोग होईल, आणि ज्यांच्या घरात ते अजून सुरू आहे त्यांना त्याहून अधिक होईल.

पहिले काम लिहिण्याचे नाही, तर वर्षे लावण्याचे आहे. एक मोठा कागद घ्यावा, डाव्या कडेला जन्मापासून मृत्यूपर्यंतचे प्रत्येक वर्ष लिहावे आणि प्रत्येक वर्षासमोर त्या व्यक्तीचे वय लिहावे. वय लिहिणे अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु ‘१९४२ साली ब्रह्मदेशातून आल्या’ हे वाक्य आणि ‘अकरा वर्षांची मुलगी ब्रह्मदेशातून चालत आली’ हे वाक्य यांत पडणारा फरक वय समोर असल्याखेरीज लिहिणाऱ्याच्याच मनावर ठसत नाही. मग जे ठाऊक आहे ते पेनने आणि जे ऐकीव आहे ते पेन्सिलने त्या त्या वर्षासमोर लिहावे. आमच्या कागदावर पहिल्या दिवशी पेनने लिहिलेल्या फक्त सहा ओळी होत्या.

जन्मतारखेपासूनच अडचण सुरू होते. शाळेत नाव घालताना १ जून किंवा १ जुलै ही तारीख सरसकट लिहून देण्याची पद्धत होती, त्यामुळे जुन्या पिढीतील माणसांच्या दाखल्यावरची तारीख खरीच असेल असे धरून चालू नये. अम्मांच्या सर्व्हिस बुकात १ जुलै १९२९ ही तारीख होती आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो या नियमाने त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ३० जून १९८७ रोजी निवृत्त झाल्या. मात्र त्या स्वतः नेहमी सांगत की आपला जन्म प्रमोद संवत्सरातला, आडि महिन्याच्या अठराव्या दिवशीचा आहे. हा ‘आडि पेरुक्कु’चा दिवस, म्हणजे कावेरीला नवे पाणी येते तेव्हा नदीची पूजा करण्याचा सण. आपल्या पंचांगातील साठ संवत्सरांची नावे आणि तमिळ वर्षांची नावे एकच आहेत. आपले संवत्सर पाडव्याला बदलते, त्यांचे एप्रिलच्या मध्याला बदलते, एवढाच फरक. साठ वर्षांचे चक्र असल्यामुळे एक वर्ष पक्के ठाऊक असले की बाकीची मोजता येतात. १९९०-९१ हे प्रमोद संवत्सर होते, म्हणून त्याआधीचे १९३०-३१ सालचे. आडि महिना जुलैच्या मध्यानंतर लागतो, तेव्हा अठरावा दिवस ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला येतो. अशा रीतीने सरकारी कागदापेक्षा अम्मा वर्षभराने लहान निघाल्या. पुस्तिकेत आम्ही दोन्ही तारखा दिल्या आणि कोणती कोठून आली तेही सांगितले.

नावाचेही तसेच आहे. तमिळ पद्धतीत आडनाव नसते; गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर आणि मग स्वतःचे नाव, एवढेच असते. महाराष्ट्रातील प्रत्येक अर्जात मात्र आडनावाचा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे अम्मांच्या रेशनकार्डावर आडनावाच्या जागी पतीचे नाव होते, बँकेच्या पासबुकावर वडिलांचे होते आणि मतदारयादीत गावाचे होते. दाक्षिणात्य कुटुंबातील व्यक्तीविषयी लिहिणाऱ्याने जुने कागद शोधताना या सर्व नावांची यादी जवळ ठेवावी, नाहीतर समोर असलेला कागदही दुसऱ्याच कोणाचा समजून बाजूला टाकला जातो.

कागद हाती आले की त्यांच्यावरून वर्ष ओळखण्याचे काम अत्यंत आनंदाचे आहे, आणि नागपूरकरांना ते इतरांपेक्षा सोपे आहे, कारण या शहराचा पत्ता वारंवार बदलला. अम्मा १९४९ साली येथे आल्या तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. २६ जानेवारी १९५० पासून ते मध्य प्रदेशात गणले गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यामुळे तारखेचा शिक्का पुसलेल्या पाकिटावर नागपूरपुढे ‘सी. पी.’ लिहिले आहे, ‘एम. पी.’ लिहिले आहे की ‘बॉम्बे स्टेट’, एवढ्यावरून पत्राचा काळ सहा-सात वर्षांच्या आत आणता येतो. (जुन्या सवयीने लोक पुढेही काही वर्षे आधीचाच पत्ता लिहीत, ही सूट ठेवावी.) तिकिटावर आणे असतील तर पत्र बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, ‘नये पैसे’ असतील तर तिकीट त्यानंतर आणि १९६४ पर्यंतच्या काळात निघालेले. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचे. रेल्वेच्या कागदांवर मथळा पाहावा: बंगाल नागपूर रेल्वे १९५२ साली ईस्टर्न रेल्वेत गेली आणि १९५५ साली साउथ ईस्टर्न रेल्वे वेगळी झाली. अम्मांच्या पेटीत तारीख नसलेली एकतीस पत्रे होती. एका रविवारी अक्का, मी आणि माझी मुलगी जमिनीवर बसून ती लावत गेलो आणि संध्याकाळपर्यंत चारच पत्रे बेपत्ता वर्षाची उरली.

छायाचित्रांबाबत एक कळकळीची सूचना करतो. जुना फोटो लॅमिनेशनला मुळीच देऊ नये. अम्मांच्या लग्नाचा एकमेव फोटो चांगल्या हेतूने एका दुकानात दिला गेला आणि प्लास्टिकच्या आत त्याचा वरचा थर सुरकुतला. आता तो ना काढता येतो ना नीट दिसतो. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावा, मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि त्यातील दूरध्वनी क्रमांकाचे आकडे किती आहेत हेही काळ सांगतात. फोटोमागे नावे लिहायची झाली तर मऊ पेन्सिलने कडेला लिहावीत, बॉलपेनने नव्हे.

आता माणसांकडे वळावे. हे काम कागदांच्या नंतर करावे, आधी नाही, कारण हातात पाकीट किंवा फोटो असला की माणूस बोलतो आणि नुसते ‘अम्मांविषयी काही सांगा’ म्हटले की ‘फार चांगल्या होत्या’ यापुढे जात नाही. प्रश्न लहान आणि डोळ्यांसमोर आणता येईल असा असावा. ‘दार उघडायला येत तेव्हा त्यांच्या हातात काय असायचे?’, ‘राग आला की कोणत्या भाषेत बोलत?’, ‘प्रवासाला निघताना शेवटी काय बंद करत?’ अशा प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात. पहिल्या प्रश्नाला आठ जणांनी एकच उत्तर दिले: कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याबरोबरची पसरट वाटी. दुसऱ्याला मोठ्या नातवाने सांगितले की रागात अम्मा नागपुरी मराठीत बोलत आणि खूप लाड आले की तमिळमध्ये.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल पुरतो, मात्र तो बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवावा, फ्लाइट मोडवर टाकावा आणि आपल्याकडे एप्रिल-मे असेल तर सकाळी आठच्या आत बसावे, कारण एकदा कूलर सुरू झाला की आवाजात सगळे बुडते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वृद्ध माणसासमोरचा कूलर बंद करणे योग्यही नाही. एका बैठकीला पाऊण तासापेक्षा अधिक ताणू नये. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस आणि व्यक्ती असे द्यावे आणि त्याच दिवशी तिच्या तीन प्रती कराव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या शहरातील नातेवाइकाकडे असावी.

बोलणे उतरवताना ते शुद्ध करण्याचा मोह होतो, तो आवरावा. अम्मा येथील भाजीबाजारात मराठी शिकल्या. आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सीताबर्डीच्या बाजारात ‘सांबार, सांबार’ म्हणून भाजी मागितली आणि भाजीवालीने त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी मान हलवून पुन्हा ‘सांबार’ म्हटले तेव्हा त्या बाईने दुसरी जुडी टाकली. दोन जुड्या घेऊन त्या घरी आल्या आणि त्या दिवशीची कोथिंबिरीची चटणी हा त्यांचा नागपूरमधला पहिला पदार्थ ठरला. हा प्रसंग त्या स्वतः सांगत तेव्हा शेवटी ‘मंग काय करता बाप्पा, दोन्ही आणले’ असे म्हणत. ते वाक्य ‘मग काय करणार, दोन्ही आणल्या’ असे लिहिले असते तर अम्मा त्यातून गेल्या असत्या. तमिळ शब्दही देवनागरीत जसे ऐकू आले तसे लिहावेत आणि पुढच्याच वाक्यात अर्थ ओघाने यावा. पदार्थांची कृती द्यायची असेल तर ती व्यक्ती कोणत्या मापाने करत होती तेच माप द्यावे. अम्मांच्या सांबारपुडीत तंजावरची मिरची नसे, भिवापुरी मिरची असे, आणि माप होते रेल्वे कँटीनचा पितळी पेला.

साहसाच्या कथा लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. अशा कथा घरात शेकडो वेळा सांगितल्या गेलेल्या असतात, त्यामुळे त्या गुळगुळीत झालेल्या असतात आणि त्यांतील वर्षे सरकलेली असतात. घरातले सगळे सांगत होते की अम्मा १९७९ साली कैलासला गेल्या. परंतु १९६२ नंतर भारतीय यात्रेकरूंसाठी तो मार्ग बंद होता आणि यात्रा पुन्हा सुरू झाली ती १९८१ साली. याचा अर्थ कथा खोटी होती असा नाही; वर्ष चुकले होते. सर्व्हिस बुकातील रजेच्या नोंदीत १९८५ सालच्या उन्हाळ्यानंतरची सलग मोठी रजा सापडली आणि धारचुल्याहून पाठवलेले पोस्टकार्डही त्याच वर्षीचे निघाले. लिपुलेख खिंड पायी ओलांडणाऱ्या अम्मा तेव्हा पंचावन्न वर्षांच्या होत्या. वर्ष दुरुस्त झाल्यावर त्यांचे वय सहा वर्षांनी वाढले, आणि कथा पहिल्यापेक्षा मोठी झाली.

उलट प्रकारेही शहराच्या इतिहासाचा उपयोग होतो. ‘स्टेशनाबाहेर सगळे पांढरे पांढरे, आम्ही घागरी भरभरून ठेवल्या’ ही अम्मांची आठवण १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवसाची आहे, जेव्हा पांढऱ्या वस्त्रांतील लाखो माणसे नागपूरला आली. अक्का तेव्हा पोटात होती असेही त्या सांगत. अक्काच्या जन्मदाखल्यावर फेब्रुवारी १९५७ आहे, तेव्हा दोन्ही आठवणी एकमेकींना धरून आहेत. त्या व्यक्तीच्या आयुष्यात जिथे शहराचा एखादा मोठा दिवस येतो, तिथे त्याचा इतिहास सांगत बसू नये, ती त्या दिवशी कोठे उभी होती आणि तिच्या हातात काय होते तेवढेच लिहावे.

ब्रह्मदेशाचा भाग लिहायला मला तीन महिने लागले. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर पहिले बॉम्ब पडले आणि ८ मार्च १९४२ रोजी शहर जपान्यांच्या ताब्यात गेले. त्या काळात आणि त्यानंतर लाखो भारतीय मिळेल त्या वाटेने निघाले. अम्मांचे वडील तेथे कारकून होते. कुंभकोणमला राहणारे अम्मांचे धाकटे भाऊ, ज्यांना मीही मामाच म्हणतो, त्या वेळी सहा वर्षांचे होते. त्यांच्याशी फोनवर बोलताना मी नकाशा समोर ठेवला आणि त्यांना एकेक नाव विचारत गेलो: मंडालेपर्यंत आगगाडी, मग चिंदविन नदीवर बोट, मग तामूपासून डोंगरातून पायी, पालेल, इंफाळ आणि तेथून सुमारे दोनशे किलोमीटरवर दिमापूर, जेथे पुन्हा आगगाडी मिळाली. नाव ऐकले की त्यांना त्या जागेची एकेक गोष्ट आठवे. पाऊस लागला होता का, या प्रश्नावर ते म्हणाले की नाही, धूळ होती, पायाला चटके बसत. त्यावरून ते पावसाळ्याच्या आधी डोंगर उतरले हे ठरले.

याच बोलण्यात मला ते कळले जे अम्मांनी सत्तर वर्षांत कधी सांगितले नव्हते. रंगूनहून निघताना तीन भावंडे होती आणि कुंभकोणमला पोहोचली तेव्हा दोन. सर्वांत धाकटी बहीण वाटेत गेली. मामा थांबले आणि मीही काही विचारले नाही. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारू नये, ध्वनिमुद्रण थांबवावे आणि ज्यांचे दुःख आहे त्यांना नंतर, वेगळ्या दिवशी, हे लिहिले तर चालेल का असे स्पष्ट विचारावे. मामांनी आठ दिवस घेतले आणि होकार दिला, मात्र त्या बाळाचे नाव द्यायला नको म्हणाले. पुस्तिकेत ते एकच वाक्य आहे, ‘निघताना तीन मुले होती, पोहोचली तेव्हा दोन होती’, आणि त्याला कोणतेही विशेषण नाही. जिथे घटना एवढी मोठी असते, तिथे लिहिणाऱ्याने आपले शब्द मागे घ्यावेत.

त्या प्रवासातील एक वस्तू अजून घरात आहे. झाकणाला फिरकी आणि वर कडी असलेला पितळी तांब्या. अम्मा त्याला ‘कूजा’ म्हणत. त्याच्या पोटाला डावीकडे रुपयाएवढा खड्डा आहे आणि त्या खड्ड्यात पितळ इतके घासले गेले आहे की बाकीच्या तांब्यापेक्षा तेथे रंग फिका, जवळजवळ पांढुरका दिसतो. मामा सांगतात की चिंदविनच्या धक्क्यावर चेंगराचेंगरीत तो दगडावर आपटला. अक्का सांगते की मोतीबागेच्या क्वार्टरमध्ये नळाखाली तिच्याच हातून पडला आणि तिने त्याबद्दल मारही खाल्ला. दोन्ही आठवणी इतक्या ठाम आहेत की निवाडा करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. आम्ही तांब्याचा फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून काढला आणि खाली दोघांचीही हकीकत त्यांच्या त्यांच्या नावे दिली. आपल्या घरातही अशी एखादी वस्तू असते. तिला एक पूर्ण पान द्यावे आणि जेवढ्या हकीकती असतील तेवढ्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.

लिहिण्याचा क्रम जन्मापासून सुरू करण्याची सक्ती नाही. मी सुरुवात ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने नागपूर स्टेशनवर उतरलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीपासून केली, कारण आमचे वाचक नागपूरचे आहेत आणि त्यांची अम्मांशी ओळख येथूनच सुरू होते; रंगून मागाहून येते, जसे ते आम्हालाही मागाहूनच कळले. नोकरीची वर्षे मी दोन पानांत आटोपली. त्या वर्षांत अम्मा रोज त्याच टेबलावर बसत होत्या आणि त्याबद्दल त्यांनीच फारसे काही सांगितलेले नाही. प्रत्येक दशकाला सारखी पाने देण्याचा आग्रह धरला की चांगली प्रकरणे आखडतात आणि उरलेल्यांत पाणी घालावे लागते.

मसुदा पूर्ण झाला की तो छापण्याआधी हयात असलेल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा, वाचायला देऊ नये. ऐकताना माणूस अडवतो. मामांनी फोनवर दोन संध्याकाळी सगळे ऐकले आणि अकरा ठिकाणी अडवले. त्यातील एक जागा अशी की मी ‘घाबरलेली मुलगी’ असे लिहिले होते आणि ते म्हणाले, ‘ती घाबरलेली नव्हती, मी घाबरलो होतो, तिने माझा हात धरला होता.’ ते वाक्य आता त्यांच्याच शब्दांत आहे.

छपाईला ८० पानांची, साध्या शिलाईची पुस्तिका पुरे होते. चकचकीत कागदापेक्षा मॅपलिथो कागद घ्यावा, कारण त्यावर पेनने लिहिता येते, आणि शेवटी चार पाने कोरी सोडावीत. पुस्तिका हाती पडल्यावरच लोकांना खऱ्या आठवणी येतात, त्यांना जागा हवी. आमच्या घरच्या प्रतीत पहिली नोंद वर्षश्राद्धाच्या दिवशी अम्मांकडे तीस वर्षे दूध घालणाऱ्या भाऊंनी केली. त्यांनी लिहिले आहे: ‘अम्मा पहाटे पाचला दारात उभ्या राहत. मला एकदाही घंटी वाजवावी लागली नाही.’